चार कोरे शर्ट आणि एपिक्युरसची बाग

पत्र थोडक्यात असं आहे. डोंबिवलीचे एक वाचक. वय ३७, खासगी कंपनीत नोकरी, बायको शिक्षिका, मुलगी सहा वर्षांची. त्यांचे वडील अडीच वर्षांपूर्वी निवृत्त झाले आणि सातव्या महिन्यात झोपेतच गेले. छत्तीस वर्षं सकाळची ७.४२ची लोकल, आणि घरातल्या प्रत्येक खर्चाला एकच उत्तर: "रिटायर झालो की बघू." काश्मीरच्या सहलीची कात्रणं एका फायलीत लावून ठेवलेली. कपाट आवरताना चार कोरे शर्ट निघाले, कॉलरखालचा पुठ्ठा आणि टाचण्यांसकट. त्या दिवशी या वाचकांनी ठरवलं, आपण असं जगायचं नाही. पुढे व्हिडिओ बघता बघता प्राचीन ग्रीक सुखवाद्यांची ओळख झाली आणि 'सुख हेच जगण्याचं साध्य' असं लिहून त्यांनी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. मग साडेतीन लाखांची मोटरसायकल, दोन परदेशी सहली, दर शनिवारी मित्रांबरोबर 'बसणं', आठवड्यातून चार-पाच वेळा बाहेरचं जेवण. दोन कर्जांचे मिळून महिन्याला १९,००० रुपये हप्ते. आईकडे जाणं कमी केलंय, कारण ती रडते आणि "रविवार खराब होतो". बायको म्हणते, "तुझं तत्त्वज्ञान मुलीच्या फीमधून चाललंय." आणि ते स्वतः विचारतात: "शनिवारची मजा रविवारी दुपारपर्यंत टिकते. मग पुढच्या शनिवारची वाट बघायची. हे तत्त्वज्ञानच चुकीचं आहे, की मी ते चुकीचं जगतोय? की शेवटी वडिलांसारखंच जगायचं असतं?"

नमस्कार,

आधी एक कबुली देते. मी बरीच वर्षं कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं आणि सुरुवातीच्या काळात एपिक्युरस हा ग्रीक तत्त्वज्ञ एका तासात उरकायचे. 'खा, प्या, मजा करा' असं फळ्यावर लिहायचं, मुलं हसायची, मी पुढच्या धड्याकडे वळायची. नंतर त्याची पत्रं स्वतः नीट वाचली तेव्हा फार ओशाळले. तेव्हा तुमच्या कपाटाच्या दारावरच्या वाक्याला हसायचा अधिकार मला तरी नाही.

वाक्य बरोबरच आहे. गडबड अशी झाली आहे, की ते एक वाक्य दोन वेगळ्या माणसांनी दोन वेगळ्या अर्थांनी म्हटलं होतं, आणि तुम्ही जगताय ते दोघांच्याही अर्थाने नाही.

पहिला अ‍ॅरिस्टिपस. आजच्या लिबियाच्या किनाऱ्याजवळ सायरीन नावाचं ग्रीक शहर होतं, तिथला हा माणूस. सॉक्रेटिसच्या ओढीने अथेन्सला आला, पुढे सिसिलीतल्या सिराक्यूजचा हुकूमशहा डायोनिसियस याच्या दरबारात मजेत राहिला. चांगलं खायचा, उंची कपडे घालायचा, शिकवण्याचे पैसे घ्यायचा आणि त्याची लाजही बाळगायचा नाही. सुख म्हणजे आत्ता, या क्षणी, अंगाला जाणवणारं सुख, असं त्याच्या पंथाचं म्हणणं. काल गेला, उद्याचा भरवसा नाही. व्हिडिओत तुम्हाला भेटला तो बहुधा हाच.

पण त्याच्या गोष्टी पुऱ्या ऐका. लाइस नावाच्या प्रसिद्ध गणिकेकडे जातोस म्हणून कुणी टोचलं, तेव्हा तो म्हणाला, "ती माझ्या ताब्यात आहे, मी तिच्या ताब्यात नाही." डायोनिसियसने एकदा तीन गणिका समोर उभ्या करून एक निवड म्हटलं, तर हा तिघींना घेऊन निघाला आणि दाराबाहेर पडताच तिघींनाही जायला सांगितलं. प्रवासात नोकराला पैशांचं ओझं झेपेना, तेव्हा म्हणाला, "जास्तीचे टाकून दे, उचलवतील तेवढेच घे." भरजरी झगा आणि फाटकी वस्त्रं, दोन्ही सारख्याच ऐटीत घालणारा हा एकटाच, अशी त्याची ख्याती होती. या गोष्टी त्याच्यानंतर पाच-सहाशे वर्षांनी लिहिलेल्या चरित्रातून येतात, त्यामुळे मीठमसाला असणारच. पण त्याच्याबद्दल लोकांना काय आठवत राहिलं ते महत्त्वाचं: हा माणूस कुठलीही गोष्ट हातातून सोडू शकत होता.

आता मोटरसायकलकडे बघा. ती तुमच्या ताब्यात आहे का? अजून काही वर्षं दर महिन्याच्या पाच तारखेला बँक तुमच्या खात्यातून पैसे उचलणार, त्यासाठी तुम्ही न आवडणाऱ्या साहेबासमोर मान डोलावणार, आणि तुमच्याच पत्रातल्या हिशेबाने गाडी महिन्यातून दोनदा बाहेर निघणार. अ‍ॅरिस्टिपसने ही गाडी मित्राची मागून घेतली असती, लोणावळ्यापर्यंत पिटाळली असती आणि संध्याकाळी किल्ली परत देऊन तिला विसरून गेला असता.

याच पंथाचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं, व्हिडिओवाले ते सांगत नाहीत. त्याच विचारपरंपरेत हेगेसियस नावाचा एक विचारवंत झाला. त्याने क्षणाक्षणाच्या सुखदुःखाची बेरीज-वजाबाकी प्रामाणिकपणे मांडली आणि निष्कर्ष काढला, की सुखी आयुष्य शक्यच नाही, शरीराला इतकी दुखणी आहेत की हिशेब कायम तोट्यातच जाणार. त्याची व्याख्यानं इतकी काळीकुट्ट होती, की इजिप्तच्या टॉलेमी राजाने त्यांच्यावर बंदी घातली, असं रोमन लेखक सिसेरो सांगतो. 'आत्ताचा क्षण' हाच धर्म मानणाऱ्यांच्या घरात हा माणूस निपजला, याचं मला पूर्वी आश्चर्य वाटायचं. आता वाटत नाही. तुम्ही लिहिता ना, शनिवारची मजा रविवारी दुपारी संपते. हेगेसियसने ती रविवारची दुपार जरा लांबवर ताणून पाहिली, इतकंच.

दुसरा एपिक्युरस. तुमच्यासाठी खरं बोलतो तो हा.

इ.स.पू. ३४१ मध्ये सामोस बेटावर जन्मला. बाप शाळामास्तर. पस्तिशीच्या आसपास, म्हणजे जवळपास तुमच्याच वयात, अथेन्सला स्थायिक झाला आणि शहराच्या वेशीबाहेर ८० मिना, म्हणजे ८,००० द्राख्मा मोजून एक बाग घेतली. पुढची पस्तीस-छत्तीस वर्षं तो आणि त्याचे मित्र तिथे रमले. बायका होत्या, गुलाम होते, आणि ते नुसते कामाला नव्हते, चर्चेला बसत. अथेन्समध्ये त्या काळी हे फारच वेगळं होतं. त्यामुळे बाहेर कुजबूज सुरू. त्यात मेट्रोडोरस या त्याच्या जिवलग मित्राचा सख्खा भाऊ टिमोक्रेटिस भांडून बाहेर पडला आणि त्याने उठवून दिलं, की एपिक्युरस इतकं हादडतो की दिवसातून दोनदा ओकतो. बावीस-तेवीसशे वर्षं झाली, ती बदनामी काही धुऊन निघालेली नाही. माझा फळा त्याचाच पुरावा.

प्रत्यक्षात हा माणूस पाव आणि पाण्यावर खूष. एका मित्राला त्याने लिहिलं, "चीजचं एक लहान भांडं पाठव, म्हणजे मनात येईल तेव्हा मेजवानी करता येईल." सेनेका रोममधला, दुसऱ्या पंथाचा, तरीही त्याने लिहून ठेवलंय, की बागेच्या दारावर 'पाहुण्या, इथे तुझं बरं चालेल, इथे सुख हेच परमश्रेय आहे' अशी पाटी, आणि आत गेलं की समोर येणार जवाची पेज आणि पाणी.

तुम्ही पत्रात चार्वाकाचा दाखला दिलाय, "आपल्याकडेही ऋण काढून तूप प्या म्हटलंय." त्याचंही एपिक्युरससारखंच झालंय बरं का. चार्वाकांचा स्वतःचा ग्रंथ आपल्यापर्यंत आलेला नाही. जे आलं ते मुख्यतः त्यांचं खंडन करणाऱ्यांच्या तोंडून. चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांच्या 'सर्वदर्शनसंग्रहा'त तो तुपाचा श्लोक आहे, पण त्याच ग्रंथात, त्याच प्रकरणाच्या सुरुवातीला, दुसरा पाठ आहे: 'यावज्जीवं सुखं जीवेन्नास्ति मृत्योरगोचरः'. जगाल तोवर सुखाने जगा, मृत्यूच्या नजरेतून काहीच सुटत नाही. यात कर्ज कुठेच नाही. तेव्हा १९,००० रुपयांच्या हप्त्यांची जबाबदारी ना ग्रीकांवर टाकता येईल, ना चार्वाकावर.

आता मूळ मुद्दा. सुख हेच साध्य, असं एपिक्युरसही ठासून म्हणतो. पण सुखाचे तो दोन प्रकार पाडतो. एक, घडत असताना जाणवणारं: तहानलेल्याने पाणी पिणं, ढोलताशा, शनिवारचा पहिला पेग. दुसरं, काही टोचत नसल्याचं. पोट भरलेलं आहे, अंग दुखत नाही, दाराची बेल वाजली तर छातीत धस्स होत नाही. मनाच्या या निवांतपणाला त्याचा शब्द 'अ‍ॅटरॅक्सिया'. दुसरं सुख त्याला मोठं वाटतं, कारण ते भरलं की भरलं. त्याच्यावर आणखी ओतता येत नाही. चव बदलता येते, सुख वाढत नाही. पहिल्या प्रकाराला मात्र तळच नसतो.

म्हणून इच्छांचे तो तीन ढीग करतो. स्वाभाविक आणि गरजेच्या: भूक, तहान, निवारा, आणि मित्र. स्वाभाविक पण गरजेच्या नसलेल्या: वरणभाताने पोट भरतं, हापूस मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तर रडायचं नाही. आणि तिसऱ्या, ना स्वाभाविक ना गरजेच्या, नुसत्या डोक्यातून उगवलेल्या. या ढिगाचं जुन्या टिपणात उदाहरण आहे मुकुटांचं आणि स्वतःचे पुतळे उभारले जाण्याचं. आपल्याकडे चौकाचौकात वाढदिवसाचे फ्लेक्स बघते तेव्हा मला हे टिपण हटकून आठवतं.

तुमचे खर्च या तीन ढिगांत टाकून बघा. मी टाकले. थायलंडचा समुद्र दुसऱ्या ढिगात, मोटरसायकल दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये. पण गाडी घेतल्यावर पहिल्या रात्री तुम्ही काय केलंत, ते तुम्हीच लिहिलंय: खाली उभे राहून फोटो काढलेत, पाच ग्रुपवर टाकलेत आणि कुणी काय लिहिलं ते एक वाजेपर्यंत वाचत बसलात. तो भाग नक्की तिसऱ्या ढिगातला.

इथे थांबून तुमचं एक गृहीतक तपासायचंय मला. तुम्ही म्हणता, मी सुखामागे लागलोय. मला पत्रातून तसं दिसत नाही. कपाटातून चार शर्ट निघाले त्या दिवसापासून तुम्हाला घाबरल्यासारखं झालंय. आपणही असेच सातव्या महिन्यात गेलो तर? एपिक्युरसच्या पंथाचं म्हणणं, ज्या इच्छांना तळ नसतो त्यांच्या बुडाशी बहुतेकदा मरणाची भीती असते. आयुष्य कमी पडणार असं वाटलं, की माणूस त्यात कोंबायला लागतो. त्यावरचा एपिक्युरसचा उपाय प्रसिद्ध आहे: आपण असतो तेव्हा मरण नसतं, मरण असतं तेव्हा आपण नसतो, मग घाबरायचं कुणाला? स्वतःच्या मरणापुरता हा युक्तिवाद मला पटतो. वडिलांच्या मरणावर तो लावायला गेलं तर पोकळ वाटतो. तिथे आपण असतो, ते नसतात, आणि कपाट आवरायचं बाकी असतं.

पण एपिक्युरसची माणसं इथे गप्प बसत नाहीत. आप्त गेल्यावर रडू नये, शोक करू नये, असं सांगणाऱ्यांशी त्यांनी वाद घातला. अजिबात दुःख न होणं हे त्याहून मोठ्या दुखण्याचं लक्षण, असं ते म्हणत. प्लुटार्क हा त्यांचा विरोधक, त्यानेच हे नोंदवलंय. तुम्ही पत्रात सगळं लिहिलंत, अगदी शर्टांच्या टाचण्यासुद्धा. वडील गेल्यावर तुम्ही रडलात का, तेवढंच लिहिलं नाहीत. आई रडते, आणि तुम्ही तिच्याकडे जाणं कमी केलंत. बघा, काही जुळतंय का.

तुमचा शेवटचा प्रश्न, वडिलांसारखंच जगायचं असतं का? नाही. या बाबतीत एपिक्युरसचं मंडळ तुमच्याच बाजूचं आहे. त्यांच्या वचनांत एक फार कठोर वचन आहे: आपण एकदाच जन्मतो, दोनदा जन्म नाही, उद्या तुझ्या हातात नाही आणि तरीही तू आनंद पुढे ढकलतोस, लांबणीवर टाकण्यातच आयुष्य झिजतं. आणखी एक आहे, ते कमी लोकांना माहीत असतं. काटकसरीलाही हद्द असते, आणि ती न ओळखणारा उधळ्याइतकाच चुकतो. ते चार शर्ट त्या हद्दीच्या पलीकडचे होते. ते घातले असते तर कुणाच्या फीला धक्का लागला नसता.

(तुमच्यासारखी पत्रं मला येतात, आणि बरोबर उलटीही येतात. दिवाणखान्यातल्या सोफ्यावरचं प्लॅस्टिक अकरा वर्षं न काढलेल्या एका बाईंचं पत्र माझ्या टेबलावर आहे. बाई, तुम्ही हे वाचत असाल तर तेवढं काढाच.)

आता करायचं काय?

पैशांपासून सुरुवात करू, कारण निवांतपणा तिथेच अडलाय. एपिक्युरसचा एक नियम आहे: कुठलंही सुख स्वतःहून वाईट नसतं, पण काही सुखं ज्या मार्गाने येतात तो मार्ग सुखापेक्षा जास्त त्रास घेऊन येतो. सहलीसाठी घेतलेलं पर्सनल लोन म्हणजे हाच मार्ग. त्याचं व्याज गाडीच्या कर्जापेक्षा जास्त असणार, बँकेचं विवरणपत्र काढून बघा. ते आधी फेडा. गाडी विकायची की ठेवायची? विकली तर तोटा होईल, शोरूममधून बाहेर पडताच किंमत उतरते, आणि तुम्हाला ती हार वाटेल. ठेवली तर हप्ते. मी म्हणेन, तीन महिने ठेवा आणि दर रविवारी सकाळी खरोखर चालवा, मुलीला पुढच्या नाक्यापर्यंत का होईना फिरवून आणा. तीन महिन्यांत बारा-तेरा रविवार. त्यातले आठ तुम्ही गाडीवर बसला नाहीत, तर विकून टाका आणि वाईट वाटून घेऊ नका.

हे सगळं बायकोसमोर कागदावर मांडा, आकड्यांसकट. किती कर्ज, किती उरलं, कधी संपणार. तुमच्या पत्रावरून तिला हप्त्यांचा पूर्ण आकडा माहीत नसावा असं मला वाटतं. चुकत असेन तर उत्तमच. तुम्ही मात्र रात्री फोन पालथा ठेवून झोपत असाल. शहाणपणाने आणि न्यायाने जगल्याशिवाय सुखाने जगता येत नाही, असं एपिक्युरसने लिहिलंय. उपदेश म्हणून नाही, व्यवहार म्हणून. लपवलेली गोष्ट कधीतरी उघडी पडेल ही धास्ती जात नाही, आणि धास्तीत घेतलेला घास गोड लागत नाही.

नवीन खर्चासाठी त्याचाच एक प्रश्न सोपा आहे: ही इच्छा पुरी झाली तर माझं काय होईल, आणि नाही झाली तर काय होईल? दुसऱ्या अर्ध्याकडे लक्ष द्या. बहुतेक वेळा उत्तर येतं, 'काही नाही'. त्याला मी माझी एक जोड देते. शुक्रवारी वहीत एक ओळ लिहा, उद्याकडून मला काय हवंय. सोमवारी त्याखाली दुसरी ओळ, काय उरलं. दोन महिन्यांनी वही वाचा. माझा अंदाज, दारू कमी आणि एखाद्या मित्राने सांगितलेला किस्सा जास्त उरलेला दिसेल. तसं दिसलं तर शनिवार बंद करायची गरज नाही, जागा बदलली तरी पुरे. कुणाच्या तरी गच्चीवर, भेळ आणि चहावर.

आणि आठवड्यातले दोन दिवस साधं जेवा. एपिक्युरस ठरावीक दिवशी मुद्दाम अगदी कमी खायचा, असं सेनेका सांगतो. एका नाण्याच्याही आत माझं भागतं, मेट्रोडोरस अजून तेवढा पोचला नाही, त्याला अख्खं नाणं लागतं, असं तो पत्रात गमतीने मिरवायचा. यात व्रतवैकल्य नव्हतं. किती कमी असलं तरी चालतं याची चाचपणी होती, म्हणजे उद्या नोकरी गेली तर काय, ही भीती निम्मी होते. फक्त आपल्या पद्धतीने नको, एकादशी आणि दुप्पट खाशी.

एपिक्युरसचं सगळं घ्या असं मी म्हणणार नाही. 'लपून जगा', राजकारणापासून लांब राहा, हा त्याचा सल्ला मला पटत नाही. लॅम्प्सॅकस या दुसऱ्या ग्रीक शहरातले सधन मित्र मदत पाठवत असताना बागेत बसून असं म्हणणं सोपं आहे. डोंबिवलीत राहणाऱ्या माणसाने रस्त्याच्या खड्ड्यांबद्दल बोललंच पाहिजे.

दारू वाढत असेल, झोप लागत नसेल, किंवा एकटं असताना जगण्याचाच कंटाळा येत असेल, तर समुपदेशकाकडे जा. बायकोने आधीच सुचवलंय, ती तुमच्या विरोधात बोलत नाही. त्यासाठी माझ्या दुसऱ्या उत्तराची वाट बघू नका.

आता तुमचा ताजा कलम. तुम्ही तो जाता जाता लिहिलात, मी सगळ्यात जास्त वेळ त्याच्यावर थांबले. तेराव्याला वडिलांच्या ७.४२च्या ग्रुपमधले बारा-तेरा जण आले होते. घरच्यांना त्यातली दोन-तीनच नावं माहीत होती. ते बसले, वडिलांचे किस्से सांगायला लागले आणि चक्क हसले. कोण कुणाच्या ब्रीफकेसवर पत्ते मांडायचं, दसऱ्याला डबा सजवताना तुमचे वडील झेंडूच्या माळा कशा मोजून आणायचे आणि कुणाला एक फूलही जास्त देत नसत, कल्याणच्या एकाच्या मुलीच्या लग्नात त्यांनी वाढप्याचं काम कसं केलं. तुम्हाला राग आला. "आमच्या घरात माणूस गेलं होतं," असं तुम्ही लिहिलंय.

एपिक्युरस इ.स.पू. २७० च्या सुमाराला मूतखड्याने गेला. चौदा दिवस हाल झाले. शेवटच्या दिवशी त्याने इडोमेनियस या मित्राला पत्र लिहिलं, की वेदना याहून वाढू शकत नाहीत इतक्या आहेत, पण आपल्या जुन्या गप्पांच्या आठवणींचा आनंद मी त्यांच्यासमोर उभा केलाय. आणि मेट्रोडोरसच्या मुलांकडे लक्ष ठेव. मेट्रोडोरस तोवर गेलेला होता. मग गरम पाण्याच्या काशाच्या टबात बसला, पाणी न मिसळलेली वाइन मागितली, मित्रांना आपली शिकवण विसरू नका म्हणाला आणि गेला. त्याने मृत्युपत्र केलं होतं. त्यात काही गुलामांना मुक्त केलं होतं आणि एक सोय लावली होती: दर महिन्याच्या विसाव्या दिवशी सगळ्यांनी एकत्र जमायचं, माझी आणि मेट्रोडोरसची आठवण काढायची, जेवायचं. ही विशी पुढे शतकानुशतकं चालू राहिली. विरोधक त्यांना 'विशीवाले' म्हणून चिडवायचे.

तुमच्या घरात तेराव्याला बसले होते ते विशीवाले होते.

तुम्ही गृहीत धरलंत, की वडील जगलेच नाहीत, सगळं पुढे ढकलत गेले. शर्ट ढकलले, काश्मीर ढकललं, खरं आहे. पण छत्तीस वर्षं, रोज जाताना तासभर, येताना तासभर, त्या माणसाला चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकून बसायला जागा करून देणारे मित्र होते. एपिक्युरसला त्यासाठी ८० मिनांची बाग घ्यावी लागली, तुमच्या वडिलांना मासिक पास पुरला. तुमच्या शनिवारच्या टेबलावरच्या किती जणांच्या घरच्या लग्नात तुम्ही वाढायला उभे राहाल? हा टोमणा नाही, खरंच मोजा. एक-दोन निघाले तरी पुष्कळ झाले.

या रविवारी आईकडे जा. चार शर्टांपैकी एक घालून जा, टाचण्या नीट काढा, कॉलरमध्ये एक हमखास राहते. आई रडेल. तुम्हालाही रडू आलं तर येऊ द्या, पण दहा मिनिटांत उठून निघू नका, जेवूनच या. काश्मीरची फाईल तिच्यासमोर ठेवून विचारा, तुला जायचंय का. ती हो म्हणाली तर कर्ज फिटल्यावर न्या, साध्या गाडीने, स्लीपरने. नको म्हणाली तर आग्रह करू नका. ते स्वप्न वडिलांचं होतं, तिचं कदाचित वेगळंच काही असेल आणि ते तिला अजून कुणी विचारलेलं नसेल.

निघताना ग्रुपमधल्या एखाद्याचा नंबर मागून घ्या. तेराव्याला कोण कोण आलं याची वही आईने ठेवली असेल, बायका ठेवतात. निवृत्त झालेले सोडले तरी ७.४२ला त्यातले चार-पाच जण अजून चढत असतील. तुमचं ऑफिस दहाचं आहे, एक दिवस लवकर निघालात तर जमेल. गर्दी भयंकर असते, डबा कितवा ते आधी विचारून ठेवा.